नराचं झाड

मी जिथे कामाला जाते तिथे गांजाची झाडं वाढवतात. हे वाक्य मी घराबाहेर कुणाजवळ बोललेले नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. सरकारचा परवाना आहे, झाडं औषधासाठी आहेत, आत शिरायला कार्ड लागतं आणि फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. तरी मुलाने पहिल्याच दिवशी अट घातली. महिन्यातून एका रविवारी वंदनेला आपली माणसं जमतात, तिथे कुणी विचारलं तर टोमॅटो म्हणायचं. मी टोमॅटो म्हणत आले. मग एका ताईंनी घरासाठी चार-पाच किलो आणाल का म्हणून विचारलं. मुलगा सँडरिंगहॅमच्या बाजारात जाऊन पेटी घेऊन आला, आणि मी नि सुनेने ओट्यापाशी उभं राहून एकेका टोमॅटोवरचं स्टिकर सोलून काढलं. सून हसत होती. मला हसू आलं नाही.

टोमॅटोचं नाव तसं अगदीच उगाच नव्हतं. बुलढाण्याकडे आमच्या भागात बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून संकरित बी करून घेतात. लग्न झाल्यापासून मी शेडनेटमध्ये क्रॉसिंगच्या कामाला जात होते. हंगाम सुरू झाला की कंपनीचा माणूस दोन पाकिटं द्यायचा, एक नराचं आणि एक मादीचं. दोन्हींच्या वेगळ्या ओळी लावायच्या. मादीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा. नराच्या फुलांचं पोलन, म्हणजे पराग, बोटात अंगठीसारख्या घातलेल्या बारक्या वाटीत घ्यायचं आणि मादीच्या फुलाचं टोक त्यात बुडवायचं. मग त्या फुलामागची दोन हिरवी पानं कात्रीने उडवायची, म्हणजे पुढे फळ लागलं की क्रॉस झालेलं कुठलं ते ओळखू येतं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, पण शेडनेटमध्ये कंपनीचे साहेबसुद्धा नव्या बायकांना माझ्या ओळीत आणून उभं करायचे आणि म्हणायचे, या बाईचे हात बघा.

क्रॉसिंग संपलं की शेवटच्या दिवशी नराच्या सगळ्या ओळी उपटून बांधावर टाकायच्या. एकही रोप उभं ठेवायचं नाही, नाहीतर तोडणीत नराची फळं मिसळतात आणि कंपनी सगळं बी परत करते. वाट्या धुवायच्या, उरलेलं पोलन फेकायचं. हे काम माझ्याकडे असायचं, कारण मी एकही नर मागे सोडत नसे. पुढच्या हंगामात कंपनी नराचं नवं पाकीट द्यायची. वीस वर्षं मी ते पाकीट घेतलं. ते कुठून येतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे परदेशात आणलं. टाकानिनीत त्यांचं नवं घर आहे, तशाच नव्या घरांच्या रांगेत. मुलगा आणि सून दोघं इंजिनिअर, नात शाळेत. दिवसभर मी घरात एकटी असायची. शेजारच्या कुंपणापलीकडून कुणी किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं तरी मी आत पळायची. सुनेने कॉम्प्युटरवर एक जाहिरात पाहिली, हाताने परागीकरण करता येणारं माणूस हवं होतं. तिने गमतीत माझं नाव भरलं. त्यांनी बोलावलं तेव्हा मुलगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

तिथल्या मुख्य बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, माओरी, म्हणजे या देशातल्या मूळच्या लोकांतल्या, पार उत्तरेकडच्या. आयुष्यभर फळांच्या नव्या जाती काढायचं काम केलेल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. चिमटा आणि एक फूल पुढे ठेवलं. मी ते उघडलं, पुन्हा होतं तसं मिटवलं आणि परत दिलं. त्यांनी माझा हात उलटा करून बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "आँटी, सोमवारपासून ये." आमचं बोलणं नेहमी मोडक्या इंग्रजीत व्हायचं, मोडकं माझं. इथे मी मराठीत लिहिते आहे. सगळ्यांना आँटी म्हणायची त्यांच्यातही पद्धत आहे, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही.

काय चाललं आहे ते मला समजायला बरेच दिवस लागले. या झाडात बरीच द्रव्यं असतात, त्यातली दोन आमच्या कामाची. एकाने नशा येते, त्याला टीएचसी म्हणतात. दुसऱ्याने नशा येत नाही, त्याचं औषध करतात, ते सीबीडी. बाईंना असं झाड हवं होतं की ज्यात सीबीडी भरपूर आणि नशेचा भाग जवळजवळ नाहीच. पण सीबीडी वाढवत नेला की मागून नशेचा भागही थोडा वाढतोच. आणि नुसतं एखादं झाड मिळून भागत नव्हतं. एखाद्या चांगल्या झाडाच्या फांद्या लावून तसलीच झाडं करता येतात, पण घेणाऱ्यांना फांद्या नको होत्या, बी हवं होतं. दर वेळी पेरलं की सगळी झाडं एकसारखी निघतील असं बी. म्हणजे एक मादी, एक नर, आणि दोघांची जोडी जमली पाहिजे. मालकांनी बाईंना त्यासाठी ठरावीक मुदत दिलेली होती. तोवर जोडी नाही सापडली तर त्या खोल्या साध्या पिकाला जाणार होत्या.

मला त्या झाडाची ओढ लागायचं कारण वेगळं होतं. वंदनेला मी पंचशील म्हणते. नशा आणणाऱ्या गोष्टींपासून दूर राहीन, हे पाचवं शील. रविवारी ते म्हणायचं आणि सोमवारी गांजाच्या झाडांत उभं राहायचं, याची मला लाज वाटायची. बाईंचं झाड निघालं तर माझ्या मनातला तो काटा निघणार होता. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. पण कामावर मी सगळ्यांच्या आधी पोचायची.

या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. पानाच्या बेचक्यात बारीक गोळी दिसली की नर, दोन पांढरे केस दिसले की मादी. नराचं पोलन वाऱ्यावर उडतं आणि सगळी खोली बिघडवतं, म्हणून नर सापडला की तो काढून टाकतात, नाहीतर पडद्यामागच्या लहान खोलीत ठेवतात. त्या वर्षी त्या खोलीत पंधरा नर होते. बाई एकेका नराचं खोड अंगठ्याने घासायच्या, अंगठा नाकाशी न्यायच्या, मग मला हुंगायला द्यायच्या. एकाचा वास ओल्या कढीपत्त्यासारखा, थोडा उग्र आणि स्वच्छ होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं. बाईंनी पुन्हा हुंगलं आणि बाकीचे चौदा बाहेर काढायला सांगितले. नराच्या अंगात काय आहे हे असं बघून कळत नाही. त्याच्या मुली मोठ्या होऊन फुलल्या, त्यांची फुलं प्रयोगशाळेत गेली, की मग कळतं बाप कसा होता. त्याला सहा महिने लागतात.

आम्ही क्रॉसिंग सुरू केलं. मादीच्या फांदीवर कागदी पिशवी चढवायची, आत ब्रशने पोलन लावायचं, पिशवी बांधायची. निम्म्या फांद्या झाल्या होत्या तेव्हा बाईंना फोन आला. त्यांची आई गेली होती. आई म्हणजे गेली सहा-सात वर्षं काहीच न ओळखणारी. शेवटी शेवटी ती बाईंना नर्स समजायची आणि थँक यू म्हणायची. बाई हे हसून सांगायच्या. त्यांच्यात माणूस गेलं की तांगी करतात, सगळं गणगोत दोन-तीन दिवस देहाजवळ बसतं. बाई लगेच निघाल्या. जाताना हातमोजे काढून मला म्हणाल्या, इथलं सगळं तू बघ.

मी बघितलं. उरलेल्या फांद्या दोन दिवसांत केल्या. पिशव्या वेळेवर काढल्या. मग माझ्या हातांनी पुढचं काम आपोआप धरलं. क्रॉसिंग संपलं, नर अजून उभा, धूळ झाडत होता. मी त्याला मुळासकट उपटला, पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बांधलं. पोलनची बारीक काचेची बरणी गरम पाण्याने धुतली आणि ब्रशसोबत पालथी घातली. खोली पुसली. बाई परत येतील तेव्हा त्यांना सगळं स्वच्छ दिसावं, दुःखातून आलेल्या माणसाला काम उरू नये, असं माझ्या मनात होतं. गाणं म्हणत पुसली.

इथे एक पानसुद्धा असं टाकता येत नाही. वजन होतं, कागद भरला जातो, दोघांच्या सह्या लागतात. वजनकाट्यावर फिजीचा एक गृहस्थ आहे, माझ्याशी हिंदीत बोलतो, चाची म्हणतो. चाची, आज कुणाला संपवलं म्हणून हसला. कागदावर एक रकाना असतो, काढायला कुणी सांगितलं. त्याने विचारलं, मॅडमने सांगितलं ना. मी मान हलवली. सगळं तू बघ म्हटलं होतं, त्यात हे आलंच, असं मी धरलं. त्याने बाईंचं नाव लिहिलं. खाली त्याची सही आणि माझी, मराठीत.

बाई दहा दिवसांनी आल्या. चेहरा उतरलेला. लहान खोलीकडे त्यांनी पाहिलंच नाही, ती माझ्याकडेच सोपवलेली राहिली. बी पिकलं, पेरलं, चाळीस मुली वाढल्या. बाई त्यांना बहिणी म्हणायच्या, बहिणींना पाणी दिलंस का. हिवाळ्यात त्या फुलल्या आणि फुलं तपासायला गेली.

निकाल आला त्या दिवशी मी कुंड्या धूत होते. बाई धावत आल्या. त्या वयाची, त्या अंगाची बाई धावताना मी कधी पाहिली नव्हती. चाळीसच्या चाळीस एकसारख्या निघाल्या होत्या. सीबीडी भरपूर, नशेचा भाग नावालाही धड नाही. त्यांनी माझे ओले हात धरले आणि कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं, त्यांच्यात करतात तसं. मग म्हणाल्या, चल, त्याला सांगून येऊ.

त्याला म्हणजे नराला. त्या पडदा सारून आत गेल्या आणि मला तिथेच, पडद्याच्या अलीकडे, कळलं. पुढच्या हंगामाचं पाकीट कुठून येणार होतं. नराचं पाकीट देणारी कंपनी इथे दुसरी कुणी नव्हती. ती कंपनी म्हणजे आम्हीच, बाई आणि मी. तो नर जगात एकच होता.

त्या बाहेर आल्या आणि तो कुठे म्हणाल्या. मग पोलनची बरणी शोधली. ती फळीवर लखलखीत होती. मग ऑफिसात जाऊन त्यांनी कागद काढले. मी दारात उभी होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आपल्या नावाखाली बोट ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. तांगीच्या आदल्या दिवसाची तारीख होती की नंतरची, हे त्यांनी पाहिलं नाही. कदाचित पाहिलं असेल आणि ते दिवस त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळले असतील. फोनवरून त्यांनी बऱ्याच जणांना बरंच काही सांगितलं होतं.

"मीच सांगितलं असणार," त्या म्हणाल्या. "आणि मला आठवत नाही, आँटी."

मी बोलायला हवं होतं. तो क्षण मी पुष्कळदा पुन्हा बघते. तोंड उघडलं होतं की नाही तेही आता आठवत नाही. त्या पुढे म्हणाल्या, "आईचं असंच सुरू झालं होतं. गॅस चालू ठेवला आणि म्हणाली मी ठेवलाच नाही."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

गप्प का राहिले याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. इंग्रजी येत नाही. नोकरी जाईल. मुलगा म्हणेल, बघ, सांगत होतो. पण खरं सांगायचं तर मला तिथे कुणीतरी हात बघा म्हणणारं होतं, आणि नर उपटणारे तेच हात होते. ते मला त्यांना दाखवता आले नाहीत.

बाईंनी हार मानली नाही. तो नर ज्या पाकिटातल्या बियांतून आला होता, त्यातलं थोडं बी उरलं होतं, ते पेरलं. त्यातून चार नर निघाले, त्याच नराचे भाऊ. पण या झाडात सख्खे भाऊसुद्धा एकमेकांसारखे नसतात. आम्ही चौघांशी मादी क्रॉस केली, पुन्हा बी, पुन्हा रोपं, पुन्हा वाट पाहणं. मी मनात ठरवलं, यातला एक जरी जमला तरी सांगायची गरजच नाही. झाड परत मिळेल आणि माझी चूक त्यात बुजून जाईल. ते सात महिने मी या आशेवर काढले.

पण त्या सात महिन्यांत बाई बदलत गेल्या. खिशात लहान वही ठेवू लागल्या. पाण्याचा नळ बंद केला की लिहायच्या, नळ बंद. दाराचं कुलूप लावून गाडीपर्यंत जायच्या आणि परत येऊन ओढून बघायच्या. एकच गोष्ट मला दोनदा सांगायच्या आणि विचारायच्या, हे मी सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं तरी त्यांना वाटायचं, मी त्यांचं मन राखते आहे. डॉक्टरकडे गेल्या. तिथे घड्याळ काढायला सांगितलं, शब्द पाठ करून घेतले. सगळं बरोबर आलं. बाईंना पटलं नाही. त्या म्हणाल्या, आईलाही घड्याळ यायचं. पूर्वी कुणी काही विसरलं की त्या मोठ्याने हसायच्या. आता एखादा शब्द आठवला नाही की खोलीतून बाहेर निघून जायच्या. मी बघत होते. एवढी शहाणी बाई स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावते आहे, आणि तो परत द्यायला माझं एक वाक्य पुरेसं आहे, हे मला रोज दिसत होतं. रोज एका दिवसाने ते वाक्य जास्त अवघड होत होतं.

वंदनेत खोटं बोलणार नाही हे शील पाचव्याच्या आधी येतं. मी पाचव्याची काळजी करत बसले होते. आता चौथ्यापाशी माझे ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही.

भावांच्या मुलींचा निकाल आला. काहींत नशेचा भाग चांगलाच होता, काहींत दोन्ही कमी, कुठल्याच दोन सारख्या नाहीत. मुदत संपत आली होती. बाईंनी मालकांना सांगितलं की महिनाअखेर मी काम सोडते, माझ्या चुकीने गेलं, माझं डोकं आता या कामाला भरवशाचं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं. पहिल्यांदाच एवढं बोलले. मुलाने ऐकत ऐकत भात कालवला. मग म्हणाला, "आई, आता कशाला? त्या जाणारच आहेत. परवान्याचं काम आहे, कागदावर चुकीचं लिहिलंय, उगाच चौकशी लागेल. तुला कुणी विचारलंय का?" वाईट म्हणून नाही, मला सांभाळायला म्हणत होता. सून म्हणाली, "आई, मी उद्या फोन करून सांगू का त्यांना, नीट समजावून?" मी नको म्हटलं. नीट समजावलं असतं तर ते माझं राहिलं नसतं.

नातीकडून मी इंग्रजीत दोन वाक्यं शिकले. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मी उपटला, तुम्ही सांगितलं नव्हतं, एवढंच हवं होतं. तिने ती माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतली, पाढ्यासारखी. मग विचारलं, आजी, कोणाला उपटलंस. मी म्हटलं, झाडाला. ती म्हणाली, मग झाडाला सॉरी म्हण ना.

दुसऱ्या दिवशी बाई रोपांच्या खोलीत एकट्या होत्या, लेबलं पुसत. मी समोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वाक्यं म्हटली. त्यांना वाटलं, मी त्यांचं समाधान करते आहे. हसून म्हणाल्या, तू चांगली आहेस. तेव्हा मी त्यांना ऑफिसात नेलं, तो कागद काढायला लावला, तारखेवर बोट ठेवलं. "तुम्ही आईजवळ होता," मी म्हटलं. "मी एकटी. माझ्या गावात असंच करतात. मी विचारलं नाही." मग हातांनी दाखवलं, उपटला, बांधला, बरणी धुतली, पालथी घातली.

त्यांनी तारीख पाहिली. बोटांवर दिवस मोजले. मग तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, सुटल्यासारख्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे मी नाही, म्हणाल्या. दोनदा, तीनदा म्हणाल्या. मीही हसायला लागले बहुतेक.

मग त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "तुला तेव्हाच माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"माझ्या नातीला मी सात महिने गाडीत एकटी नेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ती विचारायची, नॅनी, तू मला न्यायला का येत नाहीस."

आवाज चढला नाही. त्यांनी कागद फाइलमध्ये घातला, फाइल जागेवर ठेवली आणि लेबलं पुसायला परत गेल्या. मी दारात उभी राहिले.

राहिलेले आठ दिवस त्या माझ्याशी कामाचं बोलल्या. प्लीज म्हणून, थँक यू म्हणून. नळ बंद केला की आता लिहीत नव्हत्या. एकदाही कुलूप ओढून पाहिलं नाही. मला ते दिसायचं आणि बरं वाटायचं, आणि बरं वाटण्याचा मला हक्क नव्हता. मालकांना त्यांनी खरं काय ते सांगितलं, माझं नाव न घेता, एका कामगाराच्या हातून चुकून झालं एवढंच. नोकरी सोडण्याचं मात्र मागे घेतलं नाही. मुदत संपली होती, नर नव्हता. शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. कपाळ लावलं नाही. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मी ते घेऊन घरी गेले असते.

त्या गेल्यावर एक तरुण साहेब आले, गोरे, सभ्य. चाळीस बहिणी तेवढ्या उरल्या होत्या. त्यांच्या फांद्या लावून आम्ही त्या जगवत होतो, पण ज्यांना बी हवं होतं ते दुसरीकडे गेले होते. एका सकाळी साहेबांनी सांगितलं, ही खोली रिकामी करायची, या सगळ्या काढ. मी जागची हलले नाही. विचारलं, कुणी सांगितलं. ते म्हणाले, मी सांगतो आहे. मी म्हटलं, कागदावर लिहून द्या. त्यांनी भुवया उंचावल्या, पण लिहून दिलं. मी पुन्हा विचारलं, पुढे कुणाला लागणार नाहीत ना. त्यांनी नाही म्हटलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की ही म्हातारी बोलते कधीपासून.

मग मी त्या काढल्या. चाळीस. एकेकीच्या बुंध्याला धरून, माती झटकून. सगळ्यांना तोच वास होता, ओल्या कढीपत्त्याचा. काट्यावर फिजीच्या गृहस्थाने विचारलं, चाची, कुणाच्या सांगण्यावरून. मी चिठ्ठी पुढे केली. तो हसला नाही. त्याने साहेबांचं नाव लिहिलं, मी माझी सही केली.

घरी आल्यावर मी बाईंना फोन लावला. मुलाला किंवा सुनेला सांगितलं नाही. त्यांनी उचलला नाही, मग तो आवाज आला की निरोप ठेवा. मला यंत्राशी बोलायची सवय नाही. मी म्हटलं, आज बहिणी गेल्या, सगळ्या, नव्या माणसाने सांगितलं, मी विचारून केलं. मग काय म्हणायचं ते सुचलं नाही आणि मी तशीच धरून राहिले. पलीकडे माझाच श्वास भरला जात होता. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला.

याला आता दोन महिने झाले. त्यांनी तो ऐकला की नाही, मला माहीत नाही.